विज्ञान शिकायला गेलेल्या मुलांच्या श्रद्धेचं काय होतं?

"मुलगी विज्ञान शिकायला विद्यापीठात गेली आणि देव मानेनाशी झाली." हे वाक्य काही घरांत हळहळत म्हटलं जातं, काही घरांत कौतुकाने. भावना एकमेकींच्या उलट, पण समजूत एकच: डोक्यात विज्ञान शिरलं की श्रद्धेला जागा उरत नाही. ही समजूत इतकी पक्की आहे की ती तपासून पाहावी असं सहसा कुणाला वाटत नाही. ज्यांनी तपासली, त्यांच्या हाती बरंच वेगळं काही लागलं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या विषयावरचं बहुतेक संशोधन अमेरिकेतलं आहे आणि त्यातले बरेचसे विद्यार्थी ख्रिस्ती घरांतले. त्यामुळे तिथले आकडे उचलून जगभर लावता येत नाहीत. पण त्या वयात विचार करण्याची रीत कशी बदलते, हा भाग कुठल्याही धर्माच्या घरातून आलेल्या मुलांना ओळखीचा वाटेल. खरा रसही त्यातच आहे.

2007 साली जेरेमी उकर, मार्क रेग्नेरस आणि मार्गारेट व्हालर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकी तरुणांच्या दीर्घकालीन पाहणीतली माहिती तपासली. विशीत शिरताना प्रार्थनास्थळी जाणं कमी होतं, हे त्यात दिसलंच. पण कॉलेजात गेलेल्यांपेक्षा कॉलेजची पायरीही न चढलेल्यांमध्ये ते अधिक घटलं होतं. म्हणजे आपण ज्याला शिक्षणाचा परिणाम म्हणतो, त्यातला मोठा वाटा नुसत्या वयाचा असतो. घर सुटतं, दिनक्रम बदलतो, कुणी हाताला धरून नेणारं उरत नाही.

विषयानुसार पाहिलं तर आणखी गंमत आहे. मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2009 साली, कोणती शाखा घेतल्यावर मुलांच्या धार्मिकतेत काय फरक पडतो हे तपासलं. धार्मिकता सगळ्यात ठळकपणे घटलेली दिसली ती समाजशास्त्रं आणि मानव्यविद्या (साहित्य, तत्त्वज्ञान यांसारखे विषय) शिकणाऱ्यांमध्ये. जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांच्या प्रार्थनास्थळी जाण्यात विशेष फरक नव्हता, फक्त भौतिक विज्ञानं शिकणाऱ्यांना आयुष्यात धर्माचं महत्त्व थोडं कमी वाटू लागलं होतं. याचा अर्थ लावणं फार कठीण नाही. प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनबद्दल शिकताना तुमच्या घरच्या रूढींना कुणी हात लावत नाही. समाजशास्त्राच्या तासाला मात्र 'रूढी कुठून येतात, त्यांचा फायदा कुणाला होतो' हाच अभ्यासक्रम असतो.

आणि शास्त्रज्ञांमध्ये नास्तिक जास्त असतात, त्याचं काय? ते खरंच आहे. समाजशास्त्रज्ञ इलेन हॉवर्ड एकलंड यांनी अमेरिकेतल्या 21 नामवंत विद्यापीठांतल्या सुमारे 1,700 शास्त्रज्ञांची पाहणी केली आणि 2010 साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. शास्त्रज्ञ सामान्य लोकसंख्येपेक्षा बरेच कमी धार्मिक आढळले. पण त्यामागचं मोठं कारण त्यांच्या बालपणात सापडलं: ज्या घरांत धर्माला फारसं स्थान नव्हतं, अशा घरांतून आलेले लोक शास्त्रज्ञांमध्ये जास्त होते. बऱ्याच जणांच्या बाबतीत प्रयोगशाळेने श्रद्धा हिरावली नव्हती, ती त्यांच्याकडे मुळातच नव्हती.

मग बदलतं ते काय?

हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी सल्ला देणारे विल्यम पेरी नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. 1950 आणि 60 च्या दशकांत त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांशी दर वर्षाच्या शेवटी मोकळ्या गप्पा मारल्या आणि 1970 साली त्यावरून पुस्तक लिहिलं. ते धर्मावर मुळीच नाही. ज्ञान म्हणजे काय, याबद्दल मुलांची कल्पना चार वर्षांत कशी पालटते, यावर ते आहे. पण आपल्या विषयाची किल्ली मला तिथेच दिसते.

पेरींना दिसलं ते थोडक्यात असं. पहिल्या वर्षाला आलेल्या बऱ्याच मुलांच्या दृष्टीने प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं, ते वरच्या कुणाला तरी माहीत असतं, आणि आपलं काम ते टिपून घेणं. मग दोन प्राध्यापक एकाच प्रश्नावर दोन उत्तरं देतात. आधी मुलांना वाटतं, यातला एक जण कच्चा आहे. पुढे वाटतं, अजून उत्तर सापडलेलं नाही, सापडेल. तेही जमेनासं झालं की मुलं दुसऱ्या टोकाला जातात: ज्याचं त्याचं मत, कुणाचंच चूक नाही. या टप्प्यावरची मुलं वादात हरत नाहीत, कारण ती वादात उतरतच नाहीत. त्यानंतर हळूहळू उमगतं की मतं अनेक असली तरी सगळी सारख्या वजनाची नसतात. पुरावा, संदर्भ, तर्क यांवर ती तोलता येतात. आणि शेवटी, पूर्ण खात्री कधीच मिळणार नाही हे मान्य करून माणूस एखाद्या बाजूला उभा राहतो, आपल्या जबाबदारीवर. पेरींनी या प्रवासाचे नऊ थांबे सांगितले आहेत. ते पाठ करण्याची गरज नाही.

आता ही शिडी श्रद्धेच्या शेजारी ठेवून पाहा. 'ग्रंथात लिहिलंय म्हणजे खरं' असं मानणारा मुलगा विद्यापीठात येतो. दोन वर्षांनी तो म्हणतो, 'पाठ्यपुस्तकात लिहिलंय म्हणजे खरं, बाकी सगळं थोतांड.' घरच्यांना वाटतं मुलगा पार बदलला. मित्रांना वाटतं तो विवेकी झाला. पेरींच्या मोजपट्टीवर मात्र तो जागचा हललेला नाही. फक्त अधिकारी व्यक्ती बदलली. याउलट एखादी मुलगी पदवी संपतानाही तीच प्रार्थना म्हणत असते जी आजीकडून शिकली, पण आता ती का म्हणते याचं तिचं स्वतःचं उत्तर असतं, आणि त्या उत्तरात कुठे फट आहे हेही तिला ठाऊक असतं. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. आतून सगळं बदललेलं असतं.

म्हणून 'श्रद्धा वाढली की कमी झाली' हा प्रश्नच मला तोकडा वाटतो. तराजूत घालून मोजावी अशी ती वस्तू नव्हे. ती कशाच्या आधारावर उभी आहे, हे पाहावं लागतं.

नेमकं हेच पाहायचा प्रयत्न जेम्स फाउलर यांनी केला. ते मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरू होते आणि अटलांटाच्या एमरी विद्यापीठात शिकवत. साडेतीनशेहून अधिक लोकांच्या लांबलचक मुलाखतींवर आधारलेलं त्यांचं पुस्तक 1981 साली आलं. फाउलरांच्या मते श्रद्धा ही फक्त देव मानणाऱ्यांची मिरासदारी नाही. आयुष्याला अर्थ कशामुळे येतो, कशावर भरवसा ठेवायचा, कशासाठी झिजायचं, याचं प्रत्येकाच्या मनात काहीतरी उत्तर असतं. नास्तिकाच्याही. त्या उत्तराची जडणघडण वयानुसार टप्प्याटप्प्याने होते, असं त्यांनी मांडलं. लहानपणापासून उतारवयापर्यंतच्या त्यांच्या सहा टप्प्यांपैकी विद्यापीठाच्या वयाशी दोनच येऊन भिडतात, तिसरा आणि चौथा.

तिसऱ्या टप्प्यातल्या माणसाची श्रद्धा खरी असते, उत्कटही असते, पण ती आजूबाजूच्या माणसांकडून आलेली असते आणि तिच्याकडे वेगळं काढून कधी पाहिलेलं नसतं. वडिलोपार्जित घरात राहावं तसं हे आहे. राहणारा सुखात असतो. भिंती कशाच्या आहेत, पाया किती खोल आहे, कागदपत्रं कुणाच्या नावावर आहेत, हे प्रश्न पडत नाहीत, कारण घर म्हणजे जणू जगच. चौथ्या टप्प्यात माणूस बाहेर अंगणात येऊन त्या घराकडे पहिल्यांदा पाहतो. कुठला खांब खरंच भार उचलतो आणि कुठला नुसता शोभेचा, हे बघतो. त्यानंतर कुणी दुरुस्ती करून तिथेच राहतं, कुणी घर सोडतं. फाउलरांच्या लेखी दोघंही चौथ्याच टप्प्यात असतात.

तिसऱ्यातून चौथ्यात जाणं बहुधा सुखाचं नसतं. ज्या माणसांमुळे विश्वास बसला होता त्यांच्याशीच अबोला येतो. आपण फसवलो गेलो असा राग येतो, किंवा आपण घरच्यांना फसवतोय अशी अपराधी भावना. शॅरन पार्क्स यांनी फाउलरांच्या मांडणीत इथे एक महत्त्वाची भर घातली. त्यांचं म्हणणं, किशोरवय आणि प्रौढपणा यांच्या मध्ये विशीतला एक स्वतंत्र टप्पा आहे. या वयात मुलं एखादी भूमिका घेतात, पण चाचपडत. अंगाला बसते का ते घालून बघतात. आणि याच काळात ती कुणाच्या तरी आधाराने चालतात: एखादा शिक्षक, एखादी मोठी मैत्रीण, एखादा गट. आंधळेपणाने नव्हे, निवडून. विज्ञान शिकणाऱ्यांच्या बाबतीत ही निवड फार मोठं काम करते. त्याकडे पुढे येऊच.

विज्ञानाचा स्वतःचा धक्का कुठे बसतो

इथवर वाचून वाटेल की विज्ञानाचा याच्याशी संबंधच नाही. तसंही नाही. विज्ञान दोन ठिकाणी धक्का देतं.

पहिला धक्का मजकुराचा. विश्वाचं वय सुमारे 1,380 कोटी वर्षं, पृथ्वीचं सुमारे 454 कोटी. माणूस इतर प्राण्यांसारखाच नैसर्गिक निवडीतून घडलेला. ज्याने धर्मग्रंथातली सृष्टीची कथा शब्दशः खरी मानली असेल, त्याला इथे निवड करावीच लागते. हा धक्का मोठा असतो, पण सरळ असतो. कशाशी भांडण आहे ते तरी कळतं.

दुसरा धक्का पद्धतीचा, आणि तो जास्त गोंधळात टाकतो. विज्ञानाच्या पद्धतीत कारण म्हणून दैवी शक्ती पुढे करता येत नाही. नव्या औषधाची चाचणी घेताना कुणाला गुण आला, कुणाला नाही, हे नोंदवतात. 'ईश्वराच्या इच्छेने बरा झाला' असा रकाना त्या तक्त्यात नसतो. कारण तो रकाना तपासता येत नाही. हा कामाचा नियम आहे. वर्षानुवर्षं हा नियम पाळता पाळता मुलांना वाटू लागतं की रकाना नाही म्हणजे ती गोष्टच अस्तित्वात नाही, असं विज्ञानाने सिद्ध केलंय. प्रत्यक्षात विज्ञानाने त्यावर काही म्हटलेलं नसतं. तसं म्हणणं ही एक तत्त्वज्ञानातली भूमिका आहे. ती घेता येते, तिच्या बाजूने बोलताही येतं, पण ती प्रयोगातून निघालेली नाही. हा फरक अभ्यासक्रमात क्वचितच कुणी समजावून सांगतं, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

उरलेला गोंधळ इतिहासाच्या सोप्या गोष्टींमुळे. धर्म आणि विज्ञान यांचं कायमचं युद्ध चालू आहे हे चित्र मुख्यतः दोन पुस्तकांनी रूढ केलं: जॉन विल्यम ड्रेपर यांचं 1874 चं आणि अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांचं 1896 चं. विज्ञानाचे आजचे इतिहासकार ही मांडणी फार ढोबळ मानतात. 1633 साली गॅलिलिओवर खटला चालला, त्याला नजरकैद झाली, हे खरं. पण तो स्वतः शेवटपर्यंत श्रद्धाळू कॅथलिक होता, हेही खरं. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा भिक्षू होता. डार्विनचा अमेरिकेतला मोठा पाठीराखा एसा ग्रे हा ख्रिस्ती धर्म मनापासून मानणारा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. डार्विनची स्वतःची श्रद्धा मात्र हळूहळू ओसरली, आणि त्यात उत्क्रांतीइतकाच दहा वर्षांची लेक ॲनी 1851 साली गेल्याच्या दुःखाचाही वाटा होता, असं त्याचे अनेक चरित्रकार मानतात.

भौतिकशास्त्रज्ञ आणि धर्मचिंतक इयन बार्बर यांनी विज्ञान-धर्म नात्याचे चार प्रकार सांगितले: संघर्ष, दोघांची स्वतंत्र क्षेत्रं, संवाद आणि मिलाफ. मुलांना ही चौकट दाखवली की एक साधा फायदा होतो. आपल्यापुढे दोनच दारं नाहीत, हे कळतं.

घाईघाईच्या समेटाचा मोह

या प्रवासात एक पळवाट आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक धर्माच्या मुलांना सापडते. 'विज्ञान आज जे सांगतंय ते आमच्या ग्रंथात आधीपासूनच होतं.' महास्फोट होता, अणू होता, उत्क्रांती होती. यातून तात्पुरता मोठा दिलासा मिळतो: घरही खूश, विज्ञानही खूश. पण नीट पाहिलं तर यात ग्रंथही वाचला जात नाही आणि विज्ञानही समजून घेतलं जात नाही. विज्ञानाकडून फक्त प्रमाणपत्र घेतलं जातं. आणि विज्ञान आपली मतं बदलतं, ही त्यातली खरी अडचण आहे.

याबाबतीत सगळ्यात शहाणा सल्ला एका धर्मगुरूनेच दिला. जॉर्ज लेमॅत्र हे बेल्जियमचे कॅथलिक पाद्री आणि विश्वशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी 1927 साली समीकरणांतून मांडलं आणि 1931 साली विश्वाची सुरुवात एका 'आदिम अणू'तून झाली असावी अशी कल्पना पुढे आणली. तिलाच पुढे महास्फोटाचा सिद्धान्त हे रूप आलं. नोव्हेंबर 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी आपल्याच विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं आणि हे नवं विश्वशास्त्र म्हणजे जणू ईश्वराने केलेल्या निर्मितीची साक्ष आहे, असा सूर लावला. एखादा पाद्री यावर हरखून गेला असता. लेमॅत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांपासून पूर्ण अलग आहे, अशी त्यांची भूमिका होती. आस्तिकाने तो मानावा, नास्तिकानेही मानावा, आणि उद्या चुकीचा ठरला तर दोघांनीही सोडावा. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप बोलले, तेव्हा त्यांनी तो दावा पुन्हा केला नाही.

याचंच दुसरं रूप म्हणजे विज्ञानाला जे अजून कळलेलं नाही तिथे देव बसवणं. न्यूटनला वाटत होतं की ग्रहांच्या कक्षा एकमेकांच्या ओढीने बिघडत जातील आणि ईश्वराला अधूनमधून त्या सावराव्या लागतील. पुढे फ्रेंच गणिती लाप्लासने गणित मांडून दाखवलं की त्या बदलांचा बराचसा भाग आपोआपच मागे-पुढे होत राहतो. जिथे देव बसवला होता ती जागाच गेली. पहिल्या वर्षाला 'चेतापेशींतून जाणीव कशी निर्माण होते हे कुणाला सांगता येत नाही, म्हणजे आत्मा आहे' असं म्हणणाऱ्या मुलाला तिसऱ्या वर्षाचा एखादा शोधनिबंध अकारण घाबरवतो, तो याचमुळे.

वर्गात काय घडतं

उत्क्रांती शिकवण्यावर संशोधन करणाऱ्या एलिझाबेथ बार्न्स आणि सारा ब्राउनेल यांनी ॲरिझोना स्टेट विद्यापीठात एक छोटा प्रयोग केला. जीवशास्त्राच्या मुलांना उत्क्रांती शिकवतानाच, विज्ञानाच्या प्रश्नांची हद्द कुठपर्यंत जाते आणि देव मानणारे शास्त्रज्ञही उत्क्रांती कशी स्वीकारतात, यावरही उघड चर्चा केली. दोनच आठवड्यांचा हा भाग. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, धर्म आणि उत्क्रांती यांच्यात संघर्ष आहे असं म्हणणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. उत्क्रांतीचा मजकूर तसूभरही सौम्य केला नव्हता. इतर पाहण्यांत त्यांना असंही दिसलं की उत्क्रांती मानायची तर नास्तिक व्हावंच लागतं, असा समज बऱ्याच मुलांच्या मनात असतो. तो दूर झाला की धार्मिक मुलं उत्क्रांती ऐकायला तयार होतात. हे विज्ञानाच्या शिक्षकांनीही लक्षात घ्यावं असं आहे: वर्गात धर्मावर मारलेला एखादा विनोद पुढच्या बाकावर हशा मिळवतो आणि मागच्या बाकावरच्या चार मुलांचे कान बंद करतो.

2011 साली मार्क विन्स्लो आणि सहकाऱ्यांनी एका ख्रिस्ती विद्यापीठातल्या, जीवशास्त्राशी संबंधित विषय घेतलेल्या 15 विद्यार्थ्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, फाउलर आणि पार्क्स यांच्या चौकटीतून. बहुतेक जण सृष्टी जशी ग्रंथात आहे तशीच घडली असं शिकत वाढलेले. उत्क्रांतीकडे ते वळले ते पुरावे पाहून. पण त्यांना सावरून धरलं ते दोन गोष्टींनी. एक, ग्रंथातली निर्मितीकथा शब्दशः न घेताही आपला धर्म आपला राहू शकतो, हे उमगणं. दुसरी म्हणजे शिक्षक: श्रद्धा आणि उत्क्रांती दोन्ही सांभाळून जगणारी हाडामांसाची माणसं त्यांना समोर दिसली. पार्क्सना विशीतल्या मुलांच्या आधाराबद्दल जे दिसलं होतं, तेच इथे पुन्हा दिसतं. पुस्तकातला युक्तिवाद डोक्याला पटतो, पण 'असं जगता येतं का?' या प्रश्नाचं उत्तर माणसाकडूनच मिळतं. हे नास्तिकतेकडे वळणाऱ्यालाही लागू आहे. देव न मानता नीतीने आणि समाधानाने जगणारा शिक्षक पाहिला की त्या वाटेची भीती जाते.

खुद्द विज्ञानात मात्र माणूस आस्तिक आहे की नास्तिक, याने फरक पडत नाही. विद्युतचुंबकीय बल आणि काही प्रकारच्या किरणोत्सारामागचं क्षीण बल ही एकाच बलाची दोन रूपं आहेत हे दाखवल्याबद्दल 1979 चं नोबेल तिघांत वाटलं गेलं. त्यांतले अब्दुस सलाम निष्ठावान मुसलमान होते, स्टीव्हन वाइनबर्ग उघड नास्तिक. दोघं स्वतंत्रपणे काम करत होते आणि समीकरणं एकच निघाली.

तीन-चार वर्षांनी हाती काय लागतं?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या ॲस्टिन दांपत्याने आणि जेनिफर लिंडहोम यांनी 136 कॉलेजांतल्या साडेचौदा हजार विद्यार्थ्यांना 2004 साली पहिल्या वर्षाला आणि पुन्हा 2007 साली तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रश्न विचारले. प्रार्थनास्थळी जाणं कमी झालं होतं. पण आयुष्याचा अर्थ शोधण्याची ओढ, इतरांविषयीची आस्था, वेगळ्या धर्माच्या लोकांकडे मोकळेपणाने पाहणं, हे सगळं वाढलं होतं. फक्त हजेरी मोजणाऱ्याला इथे ऱ्हास दिसेल.

शेवटी मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांची 1966 ची मांडणी इथे फार उपयोगी पडते. स्वतःची ओळख घडवताना माणूस चारपैकी एका अवस्थेत असतो, असं ते म्हणतात. ना शोध घेतला, ना भूमिका ठरली. शोध न घेताच दुसऱ्याने दिलेली भूमिका घेतली. शोध चालू आहे, भूमिका अजून ठरलेली नाही. शोध घेऊन भूमिका ठरली. यातली तिसरी अवस्था पालकांना सगळ्यात जास्त घाबरवते. मुलगा एक महिना ध्यान करतो, पुढच्या महिन्यात नास्तिकांच्या सभांना जातो, मग म्हणतो 'मला काहीच माहीत नाही'. ही अवस्था त्रासाची आहे, पण स्वतःच्या भूमिकेकडे जाणारी वाट तिथूनच जाते. काळजी करायची असेल तर दुसऱ्या अवस्थेची करावी, मग ती उसनी भूमिका धार्मिक असो की धर्मविरोधी.

या सगळ्या मांडण्यांवर टीका झालीय आणि ती योग्यच आहे. पेरींनी बोलून घेतलेले विद्यार्थी जवळजवळ सगळे एकाच विद्यापीठातले तरुण पुरुष होते. फाउलरांचे बहुतेक लोक गोरे आणि ख्रिस्ती किंवा ज्यू. जर्मनीतले धर्माच्या मानसशास्त्राचे अभ्यासक हाइन्झ श्ट्राइब म्हणतात की श्रद्धा पायऱ्या चढत जात नाही. एकाच माणसात अनेक शैली एकाच वेळी नांदतात. परीक्षेच्या आदल्या रात्री देवापुढे हात जोडणारा भौतिकशास्त्राचा हुशार विद्यार्थी पाहिला की त्यांचं म्हणणं पटतं. आणि हे संशोधन बहुधा पदवीपाशी थांबतं. परस्परविरोधी वाटणारी सत्यं एकत्र धरण्याचा, जुन्या प्रतीकांकडे नव्याने वळण्याचा जो पाचवा टप्पा फाउलरांनी सांगितला, तो त्यांना मध्यमवयाच्या आधी फारच थोड्यांत दिसला. तिसऱ्या वर्षाच्या प्रश्नावलीत त्याच्यासाठी चौकोन नसतो.